द्राक्षवेलींवर काचघर उभारणारा शास्त्रज्ञ

नाताळाच्या काही आठवडे आधी अंधेरीच्या मरोळ-आंबोलीपासून बोरिवलीपलीकडच्या गोराईपर्यंत अनेक ईस्ट इंडियन घरांत वाइनची बरणी भरली जाते. काळी द्राक्षे, साखर, चिमूटभर यीस्ट, काही घरी मूठभर गहूही. तोंडाला फडके बांधायचे, लाकडी पळीने ढवळत राहायचे आणि सुमारे तीन आठवड्यांनी गाळून घ्यायचे. (१९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्यनिर्मितीला परवाना लागतो, हे नवशिक्याने आधी ध्यानात घ्यावे.) बरणीत फेस कशामुळे येतो आणि एखाद्या वर्षी तिचा सिरका का होतो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे लुई पाश्चर यांच्या आयुष्यात सापडतात.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल येथे झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. पूर्वी ते नेपोलियनच्या सैन्यात होते. बालपण गेले ते आर्ब्वा या द्राक्षमळ्यांच्या गावी. रसायनशास्त्रातील त्यांचे पहिले मोठे संशोधनही वाइनच्या पिंपात साचणाऱ्या टार्टारिक आम्लाच्या स्फटिकांशीच निगडित होते. १८५४ मध्ये ते लील येथे प्राध्यापक झाले. तेथील एका कारखानदाराचे बीटापासूनचे मद्य बिघडत असे. त्याच्या पिंपांतील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना पाश्चर यांना उमगले, की आंबणे हे सजीवांचे काम आहे. यीस्ट साखर खाते आणि त्यातून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, फेस त्याचाच. लीबिखसारख्या दिग्गज जर्मन रसायनशास्त्रज्ञाला हे मान्य नव्हते.

१८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने फ्रेंच वाइन का नासते हे शोधण्याची कामगिरी त्यांच्यावर सोपवली. पाश्चर आर्ब्वाला परतले आणि तात्पुरती प्रयोगशाळा मांडून बसले. प्रत्येक बिघाडामागे निराळा सूक्ष्मजंतू आढळला. वाइनचा सिरका करणाऱ्या जंतूला हवा लागते. म्हणून उसळी ओसरल्यावर बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करायची, हा घरगुती नियम शास्त्रशुद्धच ठरतो. वाइन ५० ते ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवली की ती टिकते, हेही त्यांनी दाखवून दिले. पुढे हीच युक्ती दुधाला लागू झाली. गोरेगावच्या आरे वसाहतीतील दूध मुंबईकरांच्या दारी आले ते पाश्चरीकरण होऊनच.

ही वर्षे त्यांच्यासाठी अतिशय क्लेशाची होती. १८५९ ते १८६६ या काळात तीन मुली गेल्या, त्यांपैकी दोघी विषमज्वराने. १८६८ मध्ये पक्षाघाताने शरीराची डावी बाजू लुळी पडली. तरीही सर्वांत कठीण कसोटी पुढेच होती.

१८७८ मध्ये थोर शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांचे निधन झाले. त्यांच्या मागे राहिलेली टिपणे बर्तेलो यांनी प्रसिद्ध केली. यीस्टच्या पेशींशिवायही द्राक्षरसात मद्यार्क तयार होतो, असा त्यांचा रोख होता. प्रतिपक्षी आदरणीय मित्र, तोही हयात नाही. आणि दावा खरा ठरता तर वीस वर्षांच्या श्रमांचा पायाच खचला असता. पाश्चर यांनी आर्ब्वाजवळच्या आपल्या लहानशा मळ्यात द्राक्षे अजून हिरवी असतानाच वेलींवर काचघरे उभारली, काही घड कापसात गुंडाळले. यीस्ट पिकत्या फळाच्या सालीवर बाहेरून येते, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून ही घाई. ऑक्टोबरमध्ये द्राक्षे पिकली. उघड्यावरची चिरडताच आंबू लागली. काचेखाली कापसात जपलेल्या द्राक्षांचा रस मात्र जसाच्या तसा गोड राहिला!

अर्थात बर्नार यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. १८९७ मध्ये बुखनर यांनी यीस्ट वाटून काढलेल्या, पेशीविरहित रसानेही साखर आंबते हे सिद्ध केले. तो रसही यीस्टमधूनच यावा लागतो, हा भाग वेगळा.

रेबीजच्या लशीने १८८५ मध्ये पाश्चर जगन्मान्य झाले, १८८८ मध्ये पॅरिसला त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेग पसरला आणि त्यावरची लस शोधण्यासाठी आलेले हाफकिन त्याच पॅरिसच्या संस्थेत घडलेले होते.