परतीची वाट : पंडिता रमाबाई



आपल्यातले कुणी शिकायला परदेशी निघाले की आपण मिस्सा अर्पण करतो, सुखरूप पोहोचल्याचा फोन येईपर्यंत जागे राहतो. ते परत येतात तेव्हा मात्र नोकरी आणि पगाराचीच चौकशी करतो. तिकडे त्यांच्या श्रद्धेचे काय झाले, हे विचारायचे राहून जाते. म्हणून या रविवारी आम्ही परदेशी शिकून मायदेशी परतलेल्या एका मराठी भगिनीचे चरित्र आपल्यापुढे ठेवत आहोत. त्या कॅथलिक नव्हत्या. तरीही त्यांच्यापासून आपल्याला शिकण्यासारखे बरेच आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या माउलीने ते रमाबाईंना दिले. दुष्काळाने आईवडील हिरावून नेले. भावाबरोबर पायी देश पालथा घालत त्या १८७८ साली कोलकात्याला पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला; १८८२ मध्ये तेही गेले. पदरात उरली लहानगी मनोरमा.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापला. पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींकडे राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा तेथे बाप्तिस्मा झाला. पुण्याचे फादर नेहेम्या नीळकंठ गोरे यांच्या पत्रांनी त्यांच्या अनेक शंका फेडल्या होत्या. ऐकू कमी येत असल्याने डॉक्टर होणे राहिले. मग चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवू लागल्या. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तेथे गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली.

विलायतेत राहूनही त्यांनी साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. क्रॉसवर लॅटिन शब्द कशासाठी, संस्कृत का नकोत, असे त्यांनी धर्मभगिनींना विचारले. ख्रिस्त स्वीकारायचा म्हणजे इंग्रज व्हायचे नव्हे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

१ फेब्रुवारी १८८९ रोजी त्या मुंबईत परतल्या. ११ मार्चला विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. रमाबाई खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. काही मुली येऊन बसत. त्यावरून गहजब झाला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागारपद सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. इकडे आपले लोक त्यांना परके म्हणत. तिकडे इंग्लंडच्या गुरुभगिनींना त्या फार स्वतंत्र बुद्धीच्या वाटत. परतलेल्या माणसाचे एकटेपण ते हेच. आपल्याला धर्म मिळाला, पण ख्रिस्त भेटायचा राहिला, याची जाणीवही त्यांना बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, मायदेशीच झाली.

तरी त्या मागे फिरल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणल्या आणि केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. परदेशी शिकून आलेली मनोरमाही आईच्या हाताशी होती. पण १९२१ साली ती आईआधीच गेली. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याचे काम संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या देवाघरी गेल्या.

रमाबाई एकट्या उभ्या राहू शकल्या. आपल्या लेकरांना तितके एकटे का पडू द्यावे? पेण-रोह्याकडे कुणी शिकून परत आले, तर मिस्सेनंतर त्याच्याजवळ थांबू या. त्याचे प्रश्न टोचणारे असतील, प्रार्थनेची रीत थोडी वेगळी झाली असेल. बिघडला, असे म्हणण्याआधी त्याचे ऐकून घेऊ या. दूर देशी ज्याने त्याला सांभाळले, त्याच प्रभूने त्याला आपल्या हाती परत दिले आहे.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू