रोजच्या शब्दांमागे धावणारा अधिकारी: जॉर्ज ग्रियर्सन

सुरगाण्यात नागलीची भाकरी रोजचीच. पण इथल्या कोकणा आणि वारली घरांत धान्याला कणसरी असेही म्हणतात. कणसरी ही देवी, आणि धान्य हे तिचेच रूप. शब्दकोशात नुसते ‘धान्य’ लिहिले तर ही देवी बाहेरच राहते. मग अशा शब्दाची नोंद करायची कशी? या प्रश्नाच्या दोन्ही बाजू जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन यांच्या आयुष्यात दिसतात.

ग्रियर्सन यांचा जन्म ७ जानेवारी १८५१ रोजी डब्लिनजवळ झाला. शिकले गणित, पण संस्कृतची गोडी कॉलेजातच लागली. १८७३ मध्ये सनदी अधिकारी म्हणून ते भारतात आले आणि बिहारमध्ये रमले. १८८५ मध्ये त्यांचे ‘बिहार पेझंट लाइफ’ हे पुस्तक आले. वरवर पाहता ती शेतकऱ्याच्या वस्तूंची यादी आहे: नांगर, बैलगाडी, उसाचा चरक, चूल. पण प्रत्येक भागाचे गावातले नाव, ते कोणत्या भागात बदलते, शिवाय लग्नाच्या आणि पूजेच्या चालीरीती, सगळे त्यात आहे. माझ्या मते हेच त्यांचे सर्वांत जिवंत काम.

पुढे आवाका वाढला. भारतीय भाषांच्या पाहणीचे काम सरकारने त्यांच्याकडे सोपवले. एकट्याने घरोघरी फिरणे आता शक्य नव्हते. जिल्ह्याजिल्ह्यांत नमुने मागवले गेले: बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचे स्थानिक बोलीतले भाषांतर, एखादी स्थानिक गोष्ट किंवा गाणे, आणि २४१ शब्दांची व वाक्यांची ठरावीक यादी. आकडे, नाती, अवयव, सूर्य, चंद्र. तुलनेसाठी ही पद्धत उत्तम होती. पण कणसरीबद्दल विचारणारा प्रश्न त्या यादीत नव्हता; जे विचारले, तेच बहुतेक कागदावर आले.

मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला, भिल्ली आणि खानदेशीचा १९०७ मध्ये. दोन्हींचे संपादन नॉर्वेचे स्टेन कोनो यांनी केले. १९०३ मध्येच निवृत्त झालेले ग्रियर्सन तेव्हा इंग्लंडमध्ये राहत होते. तिथूनच त्यांनी १९२८ पर्यंत काम तडीस नेले: १७९ भाषा, ५४४ बोली. बोलींचा अभ्यास करणाऱ्याला आजही हे खंड उघडावेच लागतात.

९ मार्च १९४१ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, कॅम्बर्ली येथे त्यांचे निधन झाले.