एडा लव्हलेस : भाष्यकर्त्रीचे श्रेय

एडा लव्हलेस हे नाव साहित्याच्या अभ्यासकांना परिचित असते ते बहुधा कवी बायरनची कन्या म्हणून. तिचा जन्म १० डिसेंबर १८१५ रोजी लंडन येथे झाला. पुढील महिन्यातच मातापिता विभक्त झाले. १८१६ मध्ये बायरनने इंग्लंड सोडले आणि १८२४ मध्ये ग्रीसमध्ये त्याचा अंत झाला. पितापुत्रींची पुन्हा भेट झाली नाही. पित्याची उच्छृंखल वृत्ती कन्येत उतरू नये म्हणून आईने तिला गणिताच्या शिस्तीत वाढविले. मदुरा येथे जन्मलेला गणिती ऑगस्टस डी मॉर्गन हा तिचा एक शिक्षक. दिल्लीच्या मास्टर रामचंद्र यांचा गणितग्रंथ पुढे १८५९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला तो त्याच्याच देखरेखीखाली.

१८३३ मध्ये चार्ल्स बॅबेजशी तिचा परिचय झाला. त्याच्या वैश्लेषिक यंत्रावर मेनाब्रेआने १८४२ मध्ये फ्रेंच लेख लिहिला. १८४३ मध्ये एडाने त्याचे इंग्रजी भाषांतर केले व मूळ लेखाच्या सुमारे तिप्पट टिपा जोडल्या. सूत्राहून भाष्य मोठे असण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. तेव्हा भाष्यकर्त्रीचे स्वतःचे काय, हाच खरा प्रश्न होय.

यंत्राला जकार्ड मागाप्रमाणे छिद्रांकित पत्त्यांनी आज्ञा द्यावयाच्या होत्या. रायपूरच्या बाजारातील कोसा साडीच्या काठावर तीच वेलबुट्टी पुनःपुन्हा उमटते, ती धागे उचलण्याचा तोच क्रम पुन्हा फिरविल्यामुळे. शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या काढण्यासाठी एडाने २५ क्रियांचा तक्ता मांडला आणि १३ ते २३ या क्रियांचे आवर्तन करावे, असे त्यात दर्शविले. आजच्या असेंब्ली भाषेत हे काम शाखा-आज्ञा करते : मोजणीतून एक वजा करावा, बाकी शून्य नसल्यास मागील आज्ञेकडे वळावे, शून्य होताच पुढे जावे. एडाच्या तक्त्यात आवर्तन आहे, परंतु ही परीक्षा स्वतंत्र आज्ञा म्हणून मांडलेली नाही. निष्पन्न संख्येच्या चिन्हावरून पुढील मार्ग ठरविण्याची योजना बॅबेजच्या यंत्ररचनेतील होय.

बर्नुली संख्यांची बीजगणिती मांडणी आपण केली, परंतु तीतील गंभीर चूक एडाने शोधली, असे बॅबेजने १८६४ च्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. तेव्हा तिला यंत्राची जननी म्हणणे जितके अतिशयोक्त, तितकेच केवळ भाषांतरकार म्हणणे अन्यायाचे. विखुरलेल्या कल्पनेला क्रमबद्ध, तपासता येईल असे लेखी रूप देणे, हे तिचे कार्य.

यंत्र कधीच पूर्ण झाले नाही. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी, कर्करोगाने तिचे निधन झाले. हकनॉल येथील चर्चमध्ये पित्याच्या शेजारी तिला दफन करण्यात आले.