धनंजयराव गाडगीळ आणि घरबसल्या श्रमाची मोजणी

प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचे नाव निघाले की सामान्य वाचकास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना आठवतो आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटून देण्याचे सूत्र. दोन्ही गोष्टी मोठ्या आहेत. परंतु त्यांच्या जीवनकार्याचा जो भाग प्रस्तुत लेखकास अधिक मोलाचा वाटतो, तो यांहून बराच अप्रसिद्ध आहे. श्रमाचे मोल ठरविण्यापूर्वी तो श्रम कोण करतो, कोठे करतो आणि त्याच्या हाती काय पडते हे घरोघर जाऊन पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. जबलपूरच्या गोहलपुरासारख्या वस्तीत, जेथे सूप मांडीवर घेऊन विडी वळणारी स्त्री स्वतःच्याच घरात बसलेली असते, या आग्रहाची खरी कसोटी लागते. तिला कारखाना नाही, हजेरीपट नाही. मजुरी हजारी दराने मिळते आणि तीही बहुधा मालकाकडून नव्हे, तर मधल्या सट्टेदाराकडून.

गाडगीळांचा जन्म 10 एप्रिल 1901 रोजी नाशिकचा. परंतु बालपण व शालेय शिक्षण नागपूरचे. त्या काळी नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी होती आणि जबलपूर त्याच प्रांतातील दुसरे मोठे नगर. 1870 मध्ये मुंबईकडून येणारा व कलकत्त्याकडून येणारा असे दोन्ही लोहमार्ग जबलपुरास येऊन मिळाले, आणि गिरणीचा माल देशाच्या अंतर्भागात सुलभपणे पोहोचू लागला. या घटनेने विणकरांचे, तांबटांचे, कातडी कमावणाऱ्यांचे काय झाले, हाच प्रश्न तरुण गाडगीळांनी केंब्रिजच्या प्रबंधासाठी निवडला. 1924 मध्ये तो प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. भारताच्या औद्योगिक स्थित्यंतराचा तो इतिहास पुढे अनेक पिढ्यांना पाठ्यग्रंथ म्हणून उपयोगी पडला. जुने धंदे बुडाले एवढेच सांगून तो थांबत नाही. कोणते कशामुळे बुडाले, कोणते कशाच्या आधारे तगून राहिले, याची छाननी तो करतो. रोष व्यक्त करण्यास पुष्कळ वाव असूनही भाषा आवरलेली आहे.

1925 ते 1930 ही वर्षे सुरतेच्या महाविद्यालयात प्राचार्यपदावर गेली. 1930 मध्ये रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यास भारत सेवक समाजाच्या आवारात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. काळे हे त्यांचे श्वशुर होते. परंतु संस्थेने जी प्रतिष्ठा मिळविली ती नात्याने नव्हे. 1966 पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, त्यांनी ते पद सांभाळले. संस्थेच्या अगदी आरंभीच्या प्रकाशनांपैकी एक, 1931 चे, सरकारी अधिकाऱ्यांच्या वेतनांविषयी आहे. गरीब देशातील वरिष्ठ अधिकाऱ्याचे वेतन आणि सामान्य माणसाची मिळकत यांत केवढे अंतर असावे, हा प्रश्न त्यात आकड्यांनिशी मांडला आहे. त्याच वर्षी कराची काँग्रेसने अधिकाऱ्याचे कमाल वेतन पाचशे रुपये असावे असा ठराव केला होता. सभेत विषमतेविरुद्ध बोलणे सोपे असते. वेतनश्रेणींचे तक्ते जुळवीत बसणे कंटाळवाणे. गाडगीळांनी कंटाळवाणे काम पत्करले.

1936-37 मध्ये संस्थेने पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली. नमुन्यादाखल कुटुंबे निवडून पाहणीदार घरोघर गेले. घरात मिळवते किती, धंदा कोणता, भाडे किती, कर्ज किती, माणसे मूळची कोठली, हे सारे विचारून लिहून घेतले. या पाहणीचा पहिला भाग 1945 मध्ये व दुसरा 1952 मध्ये प्रसिद्ध झाला. 1954 मध्ये शहराची फेरपाहणीही झाली. अशा कामातील अडचण ज्याने ते केले आहे त्यालाच कळते. नोकरदार आपला पगार सांगू शकतो. परंतु ज्या घरात बाप, आई, म्हातारी सासू आणि दोन मुले मिळून एक काम पुरे करतात, तेथे मिळकत कोणाची म्हणून लिहावी? गोहलपुरात हा प्रश्न रोजचा आहे. पान कातरणारी एक, तंबाखू भरून वळणारी दुसरी, दोरा बांधणारे लेकरू. आणि सट्टेदाराच्या वहीत नाव मात्र एकच. त्यातून वाईट म्हणून छाटलेल्या विड्यांची मजुरी कापली जाते, ती वेगळीच. हजारी दर कागदावर कितीही असला तरी माणशी काय पडते हे घरात गेल्यावाचून समजत नाही.

1937 मध्ये मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने कापडगिरण्यांतील मजुरांच्या वेतनाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. गाडगीळ तिचे सदस्य होते. समितीने अंतरिम अहवालात वेतनवाढ सुचविली. अंतिम अहवाल 1940 चा. 1943 मध्ये गाडगीळांनी वेतननियमनाच्या प्रश्नावर स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले. गिरणीला निदान दार असते, तेथे तपासनीस जाऊ शकतो. विखुरलेल्या धंद्यांचे काय करावयाचे, हे कोडे उरतेच.

ते कोडे मध्यप्रांतात किती बिकट होते याची साक्ष न्यायालयांत सापडते. 1948 च्या एका प्रांतिक कायद्याने शेतीच्या हंगामात ठराविक गावांत विड्या करण्यास मनाई करता येऊ लागली. शेतीस मजूर मिळावेत हा हेतू. जणू विडी वळणारी म्हातारी किंवा पांगळा मनुष्य नांगरास जाणार होता. 1950 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्बंध अवाजवी ठरविला. पुढे 1958 मध्ये सागर जिल्ह्यातील एका प्रकरणात त्याच न्यायालयाने सट्टेदारास स्वतंत्र कंत्राटदार मानले. तो व त्याच्यामार्फत काम करणारे मजूर कारखाना कायद्याखालील कामगार ठरले नाहीत. घरी काम करणाऱ्यांना कायद्याच्या व्याख्येत आणण्यासाठी 1966 चा विडी व सिगार कामगार कायदा यावा लागला, आणि त्याची वैधता 1974 मध्ये मान्य झाली.

दरम्यान गाडगीळ मोजणीच्या मुळाशीच गेले होते. 1949 मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत महालनोबिस व व्ही. के. आर. व्ही. राव यांच्यासह ते होते. हिशेब न ठेवणाऱ्या कोट्यवधी लहान उत्पादकांचे उत्पन्न अंदाजावे कसे, हा त्या समितीपुढील एक मोठा पेच होता. 1965 मध्ये भारतातील श्रमिक स्त्रियांविषयीची त्यांची व्याख्याने पुस्तकरूपाने आली. कोणत्या प्रदेशात, कोणत्या थरात स्त्रिया घराबाहेर कामास जातात, याचा त्यात विचार आहे. पुस्तक लहान आहे. गाडगीळांच्या चाहत्यांनीही त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही, हे नवलच म्हणावे.

सहकाराविषयी थोडक्यात. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या बरोबरीने त्यांनी लोणी येथे जो कारखाना उभारला, त्याचे गाळप 1950 मध्ये सुरू झाले. ऊस पिकविणारा शेतकरी त्यामुळे कारखान्याचा मालक झाला. ऊस तोडणारा मजूर मात्र झाला नाही. ही उणीव गाडगीळांच्या योजनेची की पुढच्या पुढाऱ्यांची, यावर मतभेद होतील. माझ्या मते ती मूळ रचनेतच होती. विडीच्या धंद्यात कामगार मालक होऊ शकतो हे केरळातील कण्णूर येथे 1969 मध्ये स्थापन झालेल्या दिनेश विडी सहकारी संस्थेने दाखवून दिले. 1966 च्या कायद्यानंतर खाजगी मालकांनी कामे बंद केली, त्यातून ती जन्मली.

1967 मध्ये गाडगीळ नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. 1969 च्या सूत्राने केंद्रीय साहाय्यापैकी साठ टक्के लोकसंख्येवर आणि दहा टक्के राष्ट्रीय सरासरीहून कमी दरडोई उत्पन्न असलेल्या राज्यांसाठी ठेवले. मध्य प्रदेशासारख्या राज्यांस त्यामुळे निदान नियमाचा आधार मिळाला. त्यापूर्वी ही वाटणी पुष्कळशी मर्जीची होती. 1971 मध्ये पद सोडून ते पुण्यास परत निघाले आणि 3 मे रोजी त्यांचे निधन झाले.

त्याआधी महिनाभरच देशाची शिरगणती पार पडली होती. मुख्य व्यवसाय कोणता एवढेच त्या वेळी प्रथम विचारले गेले. त्यामुळे घरकाम हे मुख्य म्हणून सांगणाऱ्या असंख्य स्त्रिया श्रमिकांच्या सदरातून गळाल्या आणि 1961 च्या मानाने कामकरी स्त्रियांचे प्रमाण एकदम घसरलेले दिसले. गोहलपुरातील सुपे त्या वर्षीही भरलेलीच होती.