आजारी घराची आई : संत एलिझाबेथ ॲन सिटन



४ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत एलिझाबेथ ॲन सिटन हिचा सण साजरा करते. आजच्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जन्मलेली ही पहिली संत. शाळा काढणारी आणि धर्मभगिनींचा संघ स्थापन करणारी म्हणून आपण तिला ओळखतो. पण तिच्या जीवनाची आणखी एक बाजू आहे आणि ती आपल्या अनेक घरांच्या फार जवळची आहे. एलिझाबेथ पाच मुलांची आई होती. तिच्या घरात क्षयरोग ठाण मांडून बसला होता, आणि तिचे स्वतःचे मन अनेकदा खोल उदासीत बुडत असे. अशा परिस्थितीत तिने मुले कशी वाढवली, हे आज आपण पाहू या.

एलिझाबेथचा जन्म २८ ऑगस्ट १७७४ रोजी न्यू यॉर्क येथील एका अँग्लिकन कुटुंबात झाला. वडील डॉ. रिचर्ड बेली हे नावाजलेले वैद्य होते. ती तीन वर्षांचीही झाली नव्हती तोच आई वारली. पुढच्याच वर्षी धाकटी बहीण गेली. वडिलांनी दुसरे लग्न केले. पण सावत्र आईची माया एलिझाबेथला आणि तिच्या थोरल्या बहिणीला फारशी लाभली नाही. वडील शिक्षणासाठी इंग्लंडला गेले की दोघी मुली न्यू रोशेल गावी काकांकडे राहत. पुढे वडिलांचा तो दुसरा संसारही मोडला. आपले हक्काचे घर कोणते, हे ह्या मुलीला सांगता येत नव्हते.

ह्याच वयात उदासीने तिला प्रथम घेरले. आपले जीवन संपवावे, असा विचारही एकदा तिच्या मनात येऊन गेला. पुढे आपल्या आठवणी लिहिताना तिने ही गोष्ट लपवली नाही. तो प्रसंग टळला म्हणून तिने देवाचे आभार मानले. संतांच्या चरित्रात असे काही वाचायची आपल्याला सवय नसते. पण ज्यांच्या मनात असा विचार कधी डोकावला असेल, त्यांना हे ठाऊक असायला हवे की एका संतालाही तो चुकला नव्हता.

२५ जानेवारी १७९४ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, विल्यम मॅगी सिटन ह्या व्यापाऱ्याशी तिचा विवाह झाला. हा प्रेमाचा संसार होता. १७९५ ते १८०२ ह्या काळात त्यांना ॲना मरिया, विल्यम, रिचर्ड, कॅथरीन आणि रिबेका अशी पाच मुले झाली. लहान मुले असलेल्या गरीब विधवांना मदत करण्यासाठी १७९७ साली न्यू यॉर्कमध्ये एक संस्था निघाली. तिच्या कामात एलिझाबेथ पुढे होती. आणखी सहा वर्षांनी आपणही अशाच विधवांपैकी एक होऊ, हे तेव्हा तिच्या स्वप्नातही नसेल.

१७९८ साली सासरे वारले आणि लहान दिरानणंदांची जबाबदारी तिच्यावर पडली. जहाजे बुडाली, येणी थकली, आणि १८०० साली धंद्याचे दिवाळे निघाले. १८०१ च्या ऑगस्टमध्ये वडील गेले. न्यू यॉर्क बंदरावर उतरलेल्या आयरिश निर्वासितांची सेवा करताना त्यांना पीतज्वर झाला होता. इकडे विल्यमचा क्षय बळावत चालला होता. ह्या रोगाचे जंतू रॉबर्ट कॉखने शोधून काढले ते १८८२ साली. तोवर हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, हे बहुतेकांना नीटसे ठाऊक नव्हते. आजाऱ्याला उराशी धरून बसणारी आई तो आजार मुलांपर्यंत नेऊ शकते, ह्याची फारशा कोणाला कल्पना नव्हती.

हवापालटाने विल्यमला बरे वाटेल, ह्या आशेने १८०३ च्या ऑक्टोबरमध्ये ती दोघे आठ वर्षांच्या ॲनाला घेऊन इटलीला निघाली. चार धाकटी मुले नातलगांकडे ठेवली. जहाज लिव्होर्नो बंदराला लागले. पण न्यू यॉर्कमध्ये पीतज्वराची साथ असल्याने तेथील अधिकाऱ्यांनी त्यांना शहरात येऊ दिले नाही. बंदराबाहेरच्या लाझारेत्तोमध्ये, म्हणजे साथीच्या भीतीने प्रवाशांना अलग ठेवण्याच्या इमारतीत, त्यांना महिनाभर राहावे लागले. दगडी खोली, ओल, समुद्राचा वारा आणि रक्त ओकणारा नवरा. एलिझाबेथ त्याच्या उशाशी बसून प्रार्थना करी, बायबल वाची. थंडीने ॲना कुडकुडू लागली की तिच्याबरोबर दोरीच्या उड्या मारी. नवरा मरणाच्या दारात असतानाही लेकीचे बालपण तिने शक्य तेवढे जपले. १९ डिसेंबरला त्यांची सुटका झाली आणि २७ डिसेंबर १८०३ रोजी पिसा शहरात विल्यमने प्राण सोडला. एलिझाबेथ एकोणतीस वर्षांची होती. सर्वांत धाकटी रिबेका दीड वर्षाचीही नव्हती.

लिव्होर्नोच्या फिलिक्की कुटुंबाने ह्या मायलेकींना आधार दिला. त्यांच्या घरी राहत असताना ती कॅथोलिक चर्चमध्ये जाऊ लागली. ख्रिस्तप्रसादात प्रभू खरोखर हजर असतो, ही श्रद्धा तिला खेचून घेत होती. मायदेशी परतल्यावर बराच काळ तिच्या मनात ओढाताण चालली. शेवटी १४ मार्च १८०५ रोजी न्यू यॉर्कच्या सेंट पीटर चर्चमध्ये ती कॅथोलिक झाली. अनेक आप्तांना हे रुचले नाही. शिकवण्या करून, विद्यार्थ्यांना घरी ठेवून घेऊन ती मुलांचे पोट भरू लागली. पण घडी नीट बसेना. १८०८ साली तिने बाल्टिमोरला शाळा सुरू केली. १८०९ साली मेरीलँडमधील एमिट्सबर्ग ह्या खेड्यात तिने धर्मभगिनींचा संघ उभा केला. लोक तिला मदर सिटन म्हणू लागले.

व्रतस्थ झाली म्हणून तिने मुलांना दूर केले नाही. मुलींना तिने जवळ ठेवले. मुलगे शेजारच्याच माउंट सेंट मेरी येथील शाळेत शिकत होते. मुलांवरचा आईचा हक्क आणि आईचे कर्तव्य आधी, संघाचा नियम नंतर, ही तिची अट होती. वरिष्ठांनी ती मान्य केली. नियम तयार करताना तिच्या मातृत्वासाठी त्यात खास जागा ठेवण्यात आली.

पण मठात आली म्हणून दुःखाने तिची पाठ सोडली नाही. तिच्या दोन नणंदा, हॅरिएट आणि सिसिलिया, तिच्यामागे एमिट्सबर्गला आल्या होत्या. वर्ष उलटण्याच्या आत दोघीही वारल्या. मग क्षयाने ॲनाला गाठले. लाझारेत्तोमध्ये आईबरोबर दोरीच्या उड्या मारणारी ती मुलगी १२ मार्च १८१२ रोजी, सोळाव्या वर्षी गेली. त्यानंतरचे काही महिने एलिझाबेथच्या आयुष्यातले सर्वांत काळोखे होते. आपल्याला वेड लागेल, अशी भीती तिला वाटे. आपण काय केले आणि काय करायचे राहिले, ह्याचे भान राहत नसे. रोजची कामे समोर ठाकलेली असत, म्हणूनच आपण कशाबशा तरलो, असे तिने मागाहून एका पत्रात कळवले आहे.

बंधुभगिनींनो, इथे थोडे थांबू या. त्या वेळी ती धर्मसंघाची प्रमुख होती. रोज मिस्साला जात होती, प्रार्थना करीत होती. तरीही उदासी आली आणि मुक्काम करून राहिली. तेव्हा मन खचणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे, असे जे आपण सहज बोलून जातो, ते खरे नाही. भावना आपल्या हुकुमाने येत नाहीत आणि जातही नाहीत. आपल्या हाती असते ती इच्छा. एलिझाबेथचे मन रिकामे झाले होते. तरी देवाला आणि मुलांना सोडायचे नाही, ही तिची इच्छा शाबूत होती.

संत थॉमस अक्वायनस ह्या थोर तत्त्वज्ञाने दुःखावरचे उपाय सांगताना पाच गोष्टी मांडल्या आहेत : काहीतरी आनंदाचे, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि शेवटी झोप व आंघोळ. झोप आणि आंघोळ! एवढा मोठा ईशज्ञानी दुःखी माणसाला आधी उपदेश करीत नाही. तो शरीराचीही काळजी घ्यायला सांगतो, कारण माणूस शरीर आणि आत्मा मिळून एक आहे.

एलिझाबेथलाही माणसांचे आधार होते आणि ते तिने नाकारले नाहीत. फादर सिमोन ब्रुते हे फ्रेंच धर्मगुरू तिचे आध्यात्मिक मार्गदर्शक झाले. त्यांच्यापुढे ती मन मोकळे करी. ज्युलिया स्कॉट ही तिची जुनी प्रोटेस्टंट मैत्रीण पैशांची मदत पाठवी. ती घेताना एलिझाबेथला कमीपणा वाटला नाही. मैत्रिणींना लिहिलेल्या पत्रांत ती आपले दुखणे आणि आपली काळजी उघडपणे मांडी. दुःख गिळून हसरा चेहरा करून वावरणे, हा काही तिचा मार्ग नव्हता.

पुढे धाकटी रिबेका बर्फावरून पडली. पाय अधू झाला, दुखणे वर्षानुवर्षे चिघळत गेले. आई तिला रात्र रात्र मांडीवर घेऊन बसे. ३ नोव्हेंबर १८१६ रोजी चौदा वर्षांची ही मुलगी आईच्या कुशीतच वारली. मुलग्यांची चिंता वेगळी होती. थोरला विल्यम फिलिक्कींच्या पेढीत रमला नाही, पुढे तो आरमारात गेला. त्याच्यामागून रिचर्डही त्याच पेढीत गेला, पण त्याचाही तेथे जम बसला नाही. मुलाचे कसे होणार, ह्या काळजीने झोप उडालेल्या आईबापांना ही संत परकी वाटणार नाही.

शेवटी क्षयाने तिलाही गाठले. शक्ती होती तोवर ती मुलींना शिकवीत राहिली, पत्रे लिहीत राहिली. ४ जानेवारी १८२१ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तिने देह ठेवला. कॅथरीन तेव्हा तिच्याजवळ होती. हीच कॅथरीन पुढे न्यू यॉर्कमध्ये मर्सी संघाची धर्मभगिनी झाली आणि कैद्यांची सेवा करीत नव्वद वर्षे जगली. आजारपणाच्या सावलीत वाढलेली मुले कोमेजूनच जातात, असे नाही. त्या घरातून दुसऱ्याच्या वेदनेची ओळख असलेली माणसेही निघतात. १४ सप्टेंबर १९७५ रोजी पोप सहावे पॉल ह्यांनी एलिझाबेथला संतपद बहाल केले.

आपल्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत. कोठे आई महिनोन्‌महिने गप्प गप्प आहे, कोठे वडिलांचे दुखणे हटत नाही. लोक काय म्हणतील ह्या भीतीने घराचे दार लावून घेतले जाते. अशा घरी उपदेश घेऊन जाऊ नका. जेवणाचा डबा घेऊन जा, मुलांचा अभ्यास घ्या, तासभर जवळ बसा. एलिझाबेथच्या काळी क्षयावर औषध नव्हते, उदासीवरही नव्हते. आज दोन्हींवर उपचार आहेत. नोव्हेना करावी आणि डॉक्टरांकडेही जावे; दोन्हींतून देवच काम करतो. जगणे नकोसे झाले असेल तर एकट्याने सोसू नका. घरच्यांना सांगा, आपल्या धर्मगुरूंना सांगा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे.

आणि जी माउली आज सकाळी कशीबशी उठली, मुलांचा डबा भरला आणि त्यानंतर तिला प्रार्थनेचा एक शब्दही सुचला नाही, तिने मन लहान करू नये. तो डबा हीच तिची आजची प्रार्थना आहे. प्रभूने ती ऐकली आहे.

संत एलिझाबेथ ॲन सिटन, आमच्या आजारी घरांसाठी विनंती कर.