केडगावच्या जुळारी

पुण्याहून सोलापूरकडे रेल्वेने जाताना दौंडच्या अलीकडे केडगाव नावाचं स्टेशन लागतं. मी त्या स्टेशनावरून कितीतरी वेळा गेले असेन. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच, एवढं ठाऊक होतं. विधवांसाठी काम केलं, ख्रिस्ती धर्म स्वीकारला, लोकांचा रोष ओढवून घेतला... शाळेच्या पुस्तकातल्या धड्याएवढीच माझी माहिती. पण या बाईंचा स्वतःचा छापखाना होता आणि तो बायका चालवत होत्या, हे मला पार चाळिशी उलटल्यावर कळलं! तेव्हापासून रमाबाईंकडे मी जरा वेगळ्याच बाजूने बघायला लागले. आज त्याच बाजूने त्यांची गोष्ट सांगते.

गोष्टीची सुरुवात त्यांच्या आईपासून करायला हवी. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. तरुणपणी त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीला संस्कृत शिकवत, ते त्यांनी पाहिलं आणि बाईही हे शिकू शकते हे त्यांच्या मनात पक्कं बसलं. पुढे त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवायला घेतलं. झालं, गावात गहजब! बाईला देवभाषा शिकवतो म्हणजे काय? शास्त्रीबुवांना पंडितांपुढे जाब द्यावा लागला. पण ते हटले नाहीत. बायकोला घेऊन सरळ सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात राहायला गेले. तिथेच २३ एप्रिल १८५८ ला रमाबाईंचा जन्म झाला.

पुढे हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरत राहिलं. या भटकंतीत पाटी कुठली नि शाळा कुठली! आई पहाटे उठवायची आणि तोंडी पाठ द्यायची. ऐकायचं, म्हणायचं, पुन्हा म्हणायचं. भागवतासारखे ग्रंथ रमाबाईंच्या मनात शिरले ते कानावाटे.

मग दुष्काळ आला. १८७४ मध्ये थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने वडील, आई आणि मोठी बहीण गेली. उरले भाऊ श्रीनिवास आणि सोळा वर्षांच्या रमाबाई. दोघं अनवाणी देशभर फिरली. १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या सुरुवातीला कॉलऱ्याने नवरा गेला. चोवीस वर्षांचंही वय नव्हतं हो तेव्हा!

इथून पुढे मात्र या बाईच्या आयुष्यात प्रत्येक वळणावर एक पुस्तक उभं आहे. पुण्याला आल्यावर त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि १८८२ मध्येच ‘स्त्रीधर्मनीति’ हे मराठी पुस्तक लिहिलं. त्याच्या विक्रीच्या पैशांचा हातभार लागला आणि १८८३ मध्ये त्या लेकीला घेऊन इंग्लंडला निघाल्या. डॉक्टर व्हायचं होतं. पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी यायला लागलं आणि वैद्यकीचं शिक्षण राहिलं ते राहिलंच. जिने सगळी विद्या कानाने मिळवली, तिचेच कान गेले. कोणी खचून बसली असती. रमाबाई लिहीत राहिल्या.

इंग्लंडमध्येच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथे १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. ते त्यांनी आईच्या स्मृतीला अर्पण केलं आहे. पुस्तक हजारोंनी खपलं, लोकांनी मदतीचा हात पुढे केला आणि त्या बळावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई, म्हणजे आपल्या बाया कर्वे, याच सदनात शिकलेल्या.

पण १८९३ च्या सुमारास सदनातल्या मुलींच्या धर्मांतरावरून मोठं वादळ उठलं. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या सुधारकांनी पाठिंबा दिला होता, त्यांनीही अंग काढून घेतलं. दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात असं मला वाटतं. मुलींच्या आईबापांची धास्ती खोटी नव्हती आणि रमाबाईंची श्रद्धाही खोटी नव्हती. पण यात झालं काय, की महाराष्ट्राने रमाबाईंचं नाव जणू आपल्या यादीतून खोडलं. त्यानंतर त्यांनी केलेलं काम आपल्यापर्यंत फारसं आलंच नाही.

आणि छापखाना तर त्यानंतरचाच!

१८९६ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. स्वतःचे आईवडील दुष्काळात गमावलेल्या रमाबाई तिकडे धावल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावला त्यांनी जमीन घेतलेली होती, तिथे मुक्ती सदन वसलं. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातूनही बायका आल्या. वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. या बहुतेक बायकांना अक्षर माहीत नव्हतं. रमाबाईंनी त्यांना नुसतं बसवून खाऊ घातलं नाही. शेती, विणकाम, तेलाची घाणी, दूधदुभतं आणि त्याबरोबर छापखाना!

छापखाना म्हणजे आजच्यासारखं बटण दाबलं की कागद बाहेर, असं नव्हतं. शिशाचे खिळे असायचे, एकेका अक्षराचा एकेक. समोर लाकडी खणांची पेटी. मजकूर वाचायचा, खिळा उचलायचा, हातातल्या पट्टीत लावायचा. पुन्हा अक्षर उलटं, आरशात दिसावं तसं. आपल्या देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, त्यामुळे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खिळे. छापून झालं की प्रत्येक खिळा पुसून परत ज्याच्या त्याच्या घरात टाकायचा. तांदूळ निवडण्याइतकंच निगुतीचं काम की नाही? हे काम करणाऱ्याला जुळारी म्हणत. हा शब्द उच्चारला की डोळ्यापुढे पुरुषच यायचा. केडगावात मात्र खिळे जुळवायला बाया, यंत्रावर बाया, घड्या घालून पुस्तक बांधायलाही बायाच. काल ज्यांना स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं, त्या आज उलटी अक्षरं सुलटी वाचत होत्या.

मनोरमाही आईच्या कामात होती. ती परदेशी जाऊन ब्रेल लिपी शिकून आली आणि मुक्तीतल्या अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवू लागली. म्हणजे पुस्तकापासून लांब राहावं लागलेली एकही मुलगी या मायलेकींनी सोडली नाही.

आता रमाबाईंच्या सगळ्यात मोठ्या कामाकडे येते. मराठीत बायबल होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मिशनऱ्यांनी त्याची भाषांतरं केली होती. पण त्यातली संस्कृत शब्दांनी जड झालेली मराठी आपल्या बायकांना कळत नाही, हे रमाबाईंना रोज दिसत होतं. ज्या बाईला संस्कृत तोंडपाठ होतं, तिलाच ते खटकलं, हे विशेष. मग त्यांनी ठरवलं की आपणच साध्या मराठीत करायचं. भाषांतरावरून भाषांतर नको, म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कान साथ देत नव्हते, अंगावर दोन हजार जणींचा संसार होता. जवळजवळ दीड तप हे काम चाललं. रमाबाई लिहायच्या, बाया खिळे जुळवायच्या, मुद्रितं रमाबाईंकडे यायची, चुका निघायच्या, पुन्हा खिळे हलायचे.

माझी आजी श्रावणात पोथी वाचायची. सुरेख वाचायची, पण मध्येच एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की हसून पुढे जायची. कळत नाही हे म्हणायचीसुद्धा तिला चोरी वाटत असावी. पोथी कळली नाही तर दोष आपला, असंच तिने धरलं होतं. रमाबाईंनी हा दोष वाचणारीचा मानला नाही. पुस्तक कळत नसेल तर पुस्तक बदला, असा त्यांचा हिशेब. धर्म कोणताही असो, मला हा हिशेब फार मोलाचा वाटतो.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, अवघ्या चाळिशीत. जिच्या हाती सगळं सोपवायचं ती आधीच गेली. तरी रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. ते काम संपवूनच त्यांनी डोळे मिटले असं सांगतात. तो दिवस ५ एप्रिल १९२२. पूर्ण छापलेलं पुस्तक १९२४ मध्ये बाहेर पडलं. त्यांनी ते पाहिलं नाही.

खरं सांगायचं तर ते भाषांतर पुढे सगळीकडे रुळलं नाही. मुळाला शब्दाशब्दाने धरून राहण्याच्या हट्टामुळे वाक्यं कुठे कुठे अवघडलेली वाटतात. म्हणजे साधेपणासाठी घेतलेला ध्यास पुरता साधला असंही नाही. पण भाषांतर करणारी बाई, खिळे जुळवणाऱ्या बायका, छापणाऱ्या नि बांधणाऱ्याही बायका, असा एवढा मोठा ग्रंथ आपल्या मराठीत झाला, ही गोष्ट त्याने खोटी ठरत नाही.

त्या जुळाऱ्यांची नावं मला ठाऊक नाहीत. आता गाडी केडगावला थांबली की मी खिडकीतून बाहेर बघते आणि शाईने काळी झालेली त्यांची बोटं मनात येतात. मैत्रिणींनो, तुमच्या घरातही एखादी अशी पोथी किंवा पुस्तक असेल, जे आईने, आजीने न कळता वाचलं. एकदा तिच्याशेजारी बसून त्यातल्या शब्दांचा अर्थ लावून बघा. आणि ती हसून पुढे जायला लागली, तर तिला जाऊ देऊ नका.