थॉमस फुलर : गुलामीतील गणिती

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्या मुक्तिलढ्याच्या आरंभकाळात ज्यांची बुद्धी पुरावा म्हणून जगापुढे मांडली गेली, ते थॉमस फुलर आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावयास हवेत.

फुलर यांचा जन्म १७१० च्या सुमारास आफ्रिकेत झाला. चौदाव्या वर्षी त्यांना गुलाम करून अमेरिकेत आणले गेले. व्हर्जिनियातील अलेक्झांड्रियाजवळ कॉक्स कुटुंबाच्या शेतावर राबण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण मोजण्याचा ध्यास होता. एकदा त्यांनी गायीच्या शेपटीचे केस मोजले, ते २,८७२ भरले.

वृद्धापकाळी पेनसिल्व्हेनियाचे दोन गृहस्थ त्यांची परीक्षा घेण्यास आले. सत्तर वर्षे, सतरा दिवस आणि बारा तास जगलेल्या मनुष्याचे आयुष्य किती सेकंदांचे, असा प्रश्न त्यांनी घातला. दीड मिनिटात उत्तर आले : २,२१,०५,००,८००. कागदावर आकडेमोड करणाऱ्या गृहस्थाने ही संख्या फार मोठी असल्याचे सांगितले. तेव्हा फुलर यांनी लीप वर्षांची आठवण करून दिली. वर्ष सरसकट ३६५ दिवसांचे धरले, तर एकूण २५,५६७½ दिवस होतात. त्यांना दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणले की २,२०,९०,३२,००० येतात. सतरा लीप दिवसांचे १४,६८,८०० सेकंद त्यांत मिळवले की फुलर यांचीच संख्या तंतोतंत मिळते. चूक लेखणीची होती.

आणखी एक प्रश्न असा : सहा डुकरिणींपैकी प्रत्येकीला वर्षाला सहा माद्या झाल्या आणि त्याही त्याच प्रमाणात वाढल्या, तर आठ वर्षांनी किती? प्रत्येक डुकरीण स्वतःसह सात होते, म्हणून कळप दरवर्षी सातपट वाढतो. म्हणजे सात आठ वेळा घेऊन केलेला गुणाकार, ५७,६४,८०१, आणि त्याची सहापट : ३,४५,८८,८०६. या संख्येला २, ३ आणि ७ वाचून दुसरा मूळ अवयव नाही. प्रश्न समजण्यात थोडी गफलत झाल्याने या उत्तराला दहा मिनिटे लागली.

त्यांना शिक्षण मिळाले नाही याची एका गृहस्थाने हळहळ व्यक्त केली, तेव्हा न मिळाले तेच बरे, अशा अर्थाचे उत्तर फुलर यांनी दिले. आमच्या मते हा शिकलेल्या मूर्खांना मारलेला टोला होता. त्यात शिक्षणाचा नकार शोधू नये. कागद-लेखणी लाभती तर हा मनुष्य कोठवर गेला असता, हा प्रश्न मात्र इतिहासाच्या अभ्यासकाला सोडत नाही.

गुलामगिरीविरोधी चळवळीतील डॉक्टर बेंजामिन रश यांनी ही हकिकत लिहून प्रसिद्ध केली. काळ्या माणसाला बुद्धी नसते असे म्हणणाऱ्यांना ते उत्तर होते. फुलर यांच्यासाठी अनेकांनी मोठ्या रकमा देऊ केल्या, पण मालकिणीने त्यांना विकले नाही. १७९० साली ऐंशीच्या वयात ते वारले. बोस्टनच्या वृत्तपत्राने त्यांच्या मृत्यूची दखल घेतली. तोवर ते गुलामच होते.